मुदत संपली तरी पोकेमॉन उरतो का?

पोकेमॉनच्या गेममध्ये काही खास पोकेमॉन ठरावीक मुदतीतच वाटले जातात. “मुदत संपली की तो पोकेमॉन कायमचा गेला,” असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आर्सियस या पोकेमॉनचं उदाहरण घ्या. २००६ च्या डायमंड आणि पर्ल या गेममध्ये स्पिअर पिलर या ठिकाणावरून त्याच्याकडे वर जाणारा जिना होता आणि तो उघडणारी अझ्युर फ्लूट ही बासरीही होती. सगळं तयार! पण ती बासरी त्या काळी कुणाला अधिकृतपणे मिळालीच नाही. आर्सियस खेळाडूंना बासरीशिवाय थेट वाटला, जिना तसाच बंद. शेवटी २०२२ मध्ये त्याच गेमच्या रीमेकमध्ये, म्हणजे नव्याने बनवलेल्या आवृत्तीत, ती मिळाली तेव्हा मला खरंच भरून आलं.

माझी काळजी म्यू या पोकेमॉनची आहे. १९९६ साली जपानच्या कोरोकोरो मासिकाने स्पर्धा घेऊन फक्त २० जणांना म्यू दिला. गेम बॉय या हातात धरायच्या गेम-यंत्राच्या कार्ट्रिजमधला सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकतो. बॅटरी संपली की म्यू पुसला जातो, आणि बॅकअप न घेता ती बदलली तरीही तेच. म्हणून जुनी कार्ट्रिज कुणाकडे असेल तर कृपा करून आधी सेव्हचा बॅकअप घ्या, बॅटरीला हात नंतर.