मदत हवी आहे: गुडघ्याखालच्या प्लास्टरमध्ये घोटा ९० अंशांत कसा टिकवायचा?

प्लास्टर रूममध्ये काम करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. हाताशी मदतनीस नसताना पाऊल काटकोनात कसं धरता?

रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून गुडघा वाकवला की पोटरी सैल पडते आणि घोटा सहज ९० अंशांवर येतो. इथपर्यंत ठीक. आधी स्टॉकिनेट (पायावर चढवायची विणलेली कापडी नळी), मग कापसाचा रोल अर्ध्यावर अर्धा चढवत. टाच, घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं आणि गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या टोकाशी जादा थर. त्या टोकाच्या दोन बोटं खाली प्लास्टर थांबतं, कारण तिथून जाणारी नस दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) ६ इंची रोल, पाणी कोमट. गरम पाण्यात ते लवकर घट्ट होतं, पण चटकाही बसू शकतो.

अडचण पुढे येते. दुसरा रोल गुंडाळेपर्यंत पाऊल खाली झुकतं. ते तेव्हा वर ढकललं तर घोट्याच्या पुढे प्लास्टरला सुरकुती पडते आणि ती आतून कातडीत रुतते. बोटांनी धरावं तर खळगे पडतात, म्हणून तळहातच हवा.

पाऊल स्वतःच्या मांडीवर किंवा पोटाशी टेकवून कोणी करतं का? आधी पोटरीमागून तळव्यापर्यंत प्लास्टरची पट्टी बसवून, ती घट्ट झाल्यावर रोल चढवणं बरं पडतं का?

आणि कोकणातल्या पावसाळ्यात प्लास्टरची टाच किती दिवस ओली राहते? ४८ तास वजन टाकू नका, एवढं सांगणं तिथे पुरतं का?