मदत हवी आहे: ५० हजारांचा गेमिंग पीसी, कोटेशन तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. मॉनिटर आहे (१०८०पी, ७५ हर्ट्झ). व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, शिवाय गेमप्ले रेकॉर्ड करायचाय. दुकानातलं कोटेशन: रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम (एकच स्टिक), आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, आरजीबी कॅबिनेट आणि त्याच्यासोबतच येणारा ५०० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). काय बदलू?

प्रतिसाद १
सगळ्यात आधी कार्ड बदला. ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणारी वाट) चारच लेन आहेत. पीसीआयई ४ वर ते कसंबसं चालतं, पण ५५०० हा प्रोसेसरच पीसीआयई ३ चा. त्यामुळे पीसीआयई ४ चा बी५५० बोर्ड घेतला तरी या वाटेचा वेग निम्माच. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) त्या अरुंद वाटेने रॅममधून येतात आणि गेम अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरा दिसतो, झटके मात्र बसतातच. वर या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग करणारा भाग) नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर.

आरएक्स ६६०० घ्या. ८ जीबी, आठ लेन, एन्कोडर आहे, १३२ वॉट, पॉवरसाठी एकच ८ पिन केबल. ५५०० राहू द्या. पैसे उरले तरच ५६००. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी, ५५०० ची १६. आरजीबी कॅबिनेटचे पैसे कार्डात घाला, पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट पुरतं.

कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस घेऊच नका. स्टिकरवर ५०० असतं, पण १२ व्होल्टच्या रेलवर (लाइनवर) किती अँपिअर ते वाचा: अँपिअर गुणिले १२ केलं की खरे वॉट कळतात. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉट ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) भरपूर झाला.

प्रतिसाद २
रॅम ८+८ घ्या. एका स्टिकवर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळत नाही आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये ते जाणवतं. चार स्लॉट असतील तर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुतेकदा कमी वेगावरच पळत राहते.

बी४५० जुन्या स्टॉकचा असेल तर ५५०० ओळखणार नाही. दुकानातच बायोस अपडेट करून, डिस्प्ले आलेला बघूनच उचला. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा.

धागाकर्ता
धन्यवाद! घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे, चालेल? आणि विंडोज ११ टाकू का?

प्रतिसाद १
६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. हा पीसी गेममध्ये अंदाजे २५० खाईल, मॉनिटर वेगळा. लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरता चालेल, खेळत बसू नका.

विंडोज ११ टाका, पण त्यावर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची विभागणी). हे इन्स्टॉल करण्याआधीच करा.

प्रतिसाद २
जोडल्यावर पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, असं झालं तर दोन गोष्टी बघा. एचडीएमआय केबल कार्डातच लावलीय ना? ५५०० ला आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डावरचा पोर्ट मुकाच. आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची पॉवर केबल. ती हमखास राहते.