हिटलर खरोखर बहुमताने निवडून आला होता का?

गिरगावकर (प्रश्न)

माझा भाचा नववीत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या वहीत एक वाक्य वाचले : 'जर्मन जनतेने हिटलरला प्रचंड बहुमताने निवडून दिले.' त्यावर लाल शाईने बरोबरची खूणही केलेली होती. कामावर जाताना फोर्टातल्या फूटपाथवर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी हिटलरचे आत्मचरित्र रचून ठेवलेले मला नेहमी दिसते, आणि 'काही म्हणा, माणूस शिस्तीचा होता' हे तर लोकलच्या डब्यात इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर कोणी वादसुद्धा घालत नाही. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. त्याला बहुमत मिळाले होते का? आणि ज्यूंविरुद्ध जे झाले ते बरेचसे कायदे करून झाले असे वाचनात येते; मग पेहराव, भाषा, व्यवसाय सारे इतरांसारखेच असलेल्या माणसांमधून ज्यू कोण, हे सरकारी कचेरीत ठरवले कसे जाई?

निवृत्त इतिहास शिक्षक, विलेपार्ले

वहीतले वाक्य चुकीचे आहे. खुल्या निवडणुकांत नाझी पक्षाला एकदाही निम्मी मते मिळाली नाहीत. १९२८ मध्ये त्याला २.६ टक्के मते होती. मंदी आल्यावर, सप्टेंबर १९३० मध्ये, ती १८.३ टक्क्यांवर गेली आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर पोहोचली. त्या वर्षी जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. मात्र नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा पक्ष ३३.१ टक्क्यांवर घसरला. म्हणजे ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चॅन्सेलरपदी, म्हणजे पंतप्रधानपदी, नेमणूक केली तेव्हा त्याची मते ओसरू लागली होती. तो सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता होता हे खरे. पण त्याला खुर्ची मिळाली ती माजी चॅन्सेलर पापेन आणि त्यांच्या वर्तुळातल्या मंडळींच्या मध्यस्थीने. मंत्रिमंडळात हिटलर धरून तीनच नाझी घेतले की लगाम आपल्या हाती राहील, असा त्यांचा हिशेब होता. त्या तिघांपैकी गोरिंग यांच्याकडे प्रशियाचे गृहखाते, म्हणजेच देशातले सर्वांत मोठे पोलीस दल गेले, याचा अर्थ त्यांना उशिरा कळला.

२७ फेब्रुवारीच्या रात्री संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या ४८व्या कलमाखाली वटहुकूम निघाला आणि व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रे, सभा, टपाल व टेलिफोन यांची गोपनीयता हे सारे हक्क तहकूब झाले. हा वटहुकूम राजवट संपेपर्यंत उठला नाही. अशा दहशतीत ५ मार्चला मतदान झाले, तरीही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. मित्रपक्षाला सोबत घेऊन काठावरचे बहुमत जमले. हिटलरच्या सरकारला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला मात्र दोनतृतीयांश मते लागत होती. २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये बैठक भरली तेव्हा ८१ कम्युनिस्ट सदस्यांपैकी एकालाही आत येता आले नाही. ते अटकेत तरी होते किंवा भूमिगत तरी. गैरहजेरीमुळे गणपूर्ती अडू नये म्हणून, विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्यास हजर समजावे, असा नियम आयत्या वेळी करून घेण्यात आला. सभागृहात नाझी पक्षाचे तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक उभे होते. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने बाजूने मते दिली आणि ठराव ४४४ विरुद्ध ९४ असा संमत झाला. ते ९४ जण सोशल डेमोक्रॅट होते; त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी त्या पहाऱ्यातही उभे राहून विरोधाचे भाषण केले. भाच्याला एकच नाव पाठ करायचे असेल तर हे करायला सांगा.

परळचा वाचक

सर, आपण व्हर्सायच्या तहाचा उल्लेखच केला नाही. जर्मनीचा अपमान झाला नसता तर हिटलर उभाच राहिला नसता, असे आम्हाला शिकवले गेले.

निवृत्त इतिहास शिक्षक, विलेपार्ले

तहाचा सल होता, आणि नाझींनी तो भरपूर वापरला. पण तह १९१९ चा आहे आणि १९२८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनंतर, त्यांना शंभरातली तीन मतेही मिळत नव्हती. तेवढ्या एका कारणावर सगळा भार टाकला की ज्यांनी वटहुकमावर सही केली, मते दिली आणि नेमणूक केली ती माणसे अलगद सुटतात.

दिवाणी वकील, फोर्ट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण वकिली करणाऱ्याला तो भाग अधिक अस्वस्थ करतो. १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. १ एप्रिलला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि ७ एप्रिलला नोकरशाहीचा कायदा आला, ज्याने ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट ठेवली होती, ती पुढे काढून घेतली. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क गेले आणि ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरला. त्यानंतर दोन महिन्यांनी व्याख्या आली : चार आजीआजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर तो माणूस ज्यू, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो.

खरी गोम इथे आहे. सारा डोलारा 'रक्ता'वर उभारलेला. पण रक्त तपासून काहीच कळत नाही, तेव्हा आजीआजोबा ज्यू होते की नाही हे पाहायला चर्चच्या आणि सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांच्या) नोंदवह्याच उघडाव्या लागल्या. वंशाचा पुरावा म्हणून धर्माची नोंद! असला युक्तिवाद आमच्या दिवाणी न्यायालयात पहिल्या तारखेलाच फेटाळला गेला असता, पण तिथल्या न्यायाधीशांनी त्यावर निकाल दिले. पुढे ३० सप्टेंबर १९३८ पासून ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले, पासपोर्टांवर लाल 'जे' उमटला, आणि ज्यांचे नाव सरकारी यादीतले ज्यू नाव नव्हते अशा पुरुषांना 'इस्रायल' व स्त्रियांना 'सारा' हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनेगॉग जाळले, दुकाने फोडली, सुमारे ३०,००० पुरुष छावण्यांत नेले. वर ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला आणि त्यांच्या विम्याची रक्कम सरकारने जमा करून घेतली. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या कडेच्या वान्झेतल्या बंगल्यात बसून निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी संहाराची आखणी केली, तेव्हा कोण ज्यू आणि कोण अर्धा ज्यू यावर त्यांनी पुन्हा काथ्याकूट केला. साठ लाख माणसे मारली गेली.

बेने इस्रायल, ठाणे

मी शनवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरातला. घरात मराठीच बोलतो आणि आडनावात कोकणातले गाव आहे. वकीलसाहेबांनी नोंदवह्यांविषयी लिहिलेले वाचून थोडा वेळ थांबलो. मांडवीला १७९६ सालचा आमचा शार हरहमीम सिनेगॉग आहे. जुनी माणसे त्याला 'जुनी मशीद' म्हणत. लहानपणी वडिलांनी मला लग्नांच्या नोंदींची वही दाखवली होती. कडा खाल्लेली, पाने पिवळी, आणि आजोबांच्या नावापुढे त्यांची देवनागरीतली सही. आम्हाला त्या वहीचे कौतुक, कारण नातीगोती तिच्यातून लागतात. जर्मनीतल्या एखाद्या आजोबांची सहीसुद्धा अशाच एका वहीत असणार.

मुंबईपुरते एक जोडतो. तिकडून सुटलेली काही माणसे इथे आली. १९३४ मध्ये या शहरात ज्यू निर्वासितांच्या मदतीसाठी संस्था निघाली. त्याच वर्षी संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबईत आले. आकाशवाणीची सकाळची धून त्यांची मानली जाते. ती धून आमच्या घरी दूध तापत असताना लागायची, आणि तिच्यामागे कोण आहे हे आम्हा ज्यूंच्या घरातही कोणाला ठाऊक नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्ट पाहून अशा अनेक निर्वासितांनाही 'शत्रू परकीय' म्हणून स्थानबद्ध केले. पुढे चौकशी होऊन बरेच जण सुटले.

गिरगावकर

सर्वांचा आभारी आहे. वहीतले 'निवडून दिले' खोडून भाच्याने 'नेमणूक झाली' असे लिहिले आणि खाली ३३.१ हा आकडा टाकला. गैरहजरांना हजर धरण्याचा नियम त्याला काही केल्या पटत नाही. मग वर्गात हजेरी कशाला घेतात, असे तो विचारतो आहे. रविवारी त्याला मांडवीला घेऊन जावे म्हणतो. ठाणेकर, बाहेरच्या माणसाला सिनेगॉग आतून पाहता येतो का, आणि त्यासाठी आधी कोणाला विचारावे लागते, एवढे कळवाल का?