डीव्हीआरचं पान प्लगइन ओळखतच नाही – तातडीने मदत हवी आहे

पार्किंग_बारा
सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढायचंय. डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं, पासवर्डही घेतं, पण चित्राच्या जागी काळा चौकोन आणि वर 'प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) इन्स्टॉल करा'. केलं. परत तेच. काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, कुकीज उडवल्या, तरी तुणतुणं तेच. पार्किंगमधून मुलीची सायकल गेलीये, चौकीत फुटेज मागितलंय. डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, म्हणून घाई. कृपया 'गूगल करा' असं सांगू नका.

घाटावरचा
ब्राउझर कोणता? विंडोज कोणतं? डीव्हीआर कोणत्या कंपनीचा?

पार्किंग_बारा
ब्राउझर नेहमीचाच.

घाटावरचा
माझा नेहमीचा फायरफॉक्स आहे. तुमचा?

पार्किंग_बारा
क्रोम. विंडोज ११. डीव्हीआर साधा आहे, कंपनीबिंपनी काही लिहिलेली नाही.

आबा_सातारकर
अँटीव्हायरस बंद करा आणि मग टाका. आमच्या पतसंस्थेत असंच झालं होतं. शंभर टक्के.

तळेगावची_मैना
आबा, फाईल इन्स्टॉल झालीये असं ते म्हणताहेत. अँटीव्हायरसने अडवलं असतं तर इन्स्टॉलच झाली नसती. उगाच बंद करायला लावू नका.

आबा_सातारकर
ताई, मी अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

लिनक्सवाला
विंडोज सोडा. उबुंटू टाका, व्हीएलसी प्लेअरमध्ये डीव्हीआरचा आरटीएसपीचा (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) पत्ता द्या, पोर्ट ५५४. ब्राउझर लागतच नाही.

तळेगावची_मैना
त्याने लाइव्ह दिसेल. त्यांना झालेलं रेकॉर्डिंग हवंय. आणि व्हीएलसी विंडोजवरही चालतं बरं का.

घाटावरचा
क्रोममध्ये जन्मात होणार नाही. प्लगइन विंडोजमध्ये बसलंय, पण क्रोम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे जुने डीव्हीआर चित्र दाखवायला ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचं जुनं प्लगइन तंत्र वापरतात आणि ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळतं. क्रोममध्ये पूर्वी एनपीएपीआय प्रकारची प्लगइनं चालायची, ती सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीपासून कायमची गेली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीची बंद केली. डीव्हीआरमधलं पान मात्र त्या काळातलंच आहे. आपण ज्यात बसलोय तो ब्राउझर दाद देत नाही एवढंच त्याला दिसतं, म्हणून ते 'इन्स्टॉल करा' म्हणत राहतं. शंभरदा टाकलंत तरी म्हणेल.

जुनी_सीडी
फ्लॅशचं नाव काढलंत आणि डोळे भरून आले. ३१ डिसेंबर २०२० ला गेलं बिचारं. सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन काय काय गेम खेळलोय त्यावर!

पार्किंग_बारा
इथे सायकल गेलीये आणि तुमचे गेम चाललेत. एक्सप्लोरर विंडोज ११ वर नाहीच ना?

घाटावरचा
एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला, पण त्याचं इंजिन एजमध्ये आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर हा भाग उघडा. 'इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साइट रीलोड करू द्या' याला परवानगी द्या, एज बंद करून उघडा, मग तिथेच खाली पानांच्या यादीत डीव्हीआरचा पूर्ण पत्ता घाला. पोर्ट असेल तर पोर्टसकट. यादीतली नोंद ३० दिवसांनी गळते, तेव्हा परत घालावी लागते. नंतर कंट्रोल पॅनेलमधल्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये तोच आयपी ट्रस्टेड साइट्समध्ये टाका. त्याआधी खालची एचटीटीपीएसची टिकमार्क काढा, नाहीतर घेणार नाही.

आबा_सातारकर
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? डीव्हीआरला टीव्ही आणि माऊस लावा, पेनड्राइव्ह खोचा, बॅकअप. पाच मिनिटांचं काम.

पार्किंग_बारा
डीव्हीआर केबिनमध्ये कुलपात आहे. चावी चेअरमनकडे, चेअरमन गावाला. मोबाईल ॲपही त्यांच्याच फोनवर.

तळेगावची_मैना
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आबांचा आणि आमचा वेळ वाचला असता की हो.

पार्किंग_बारा
एजमध्ये केलं. लॉगिनचं पान उघडलं, आत गेलो की पुन्हा प्लगइन मागतंय. म्हणजे तुमचा उपायही फुसका.

घाटावरचा
पत्त्याच्या डावीकडे जुन्या 'ई'चं निळं चिन्ह आत गेल्यावरही दिसतंय का?

पार्किंग_बारा
लॉगिनला दिसतं. आत गेल्यावर नाही.

घाटावरचा
मग हेच कारण. लॉगिननंतर पत्ता बदलतो आणि नवा पत्ता यादीत नाही, म्हणून एज साध्या मोडमध्ये परत येतं. आतल्या पानाचा पत्ता कॉपी करून तोही यादीत घाला. प्लेबॅकचं पान वेगळं असेल तर तेही. नंतर एजच्या सगळ्या खिडक्या बंद करून प्लगइन पुन्हा टाका, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून.

पोर्टवरचा_पहारेकरी
काम झालं की ट्रस्टेड साइट्समधून काढायला विसरू नका. आणि डीव्हीआर घराबाहेरून दिसावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडलं असेल तर बंद करा. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (हॅक केलेल्या यंत्रांची फौज) असेच फॅक्टरी पासवर्डवाले डीव्हीआर आणि कॅमेरे पकडले होते. तुमचा पासवर्ड काय आहे ते इथे लिहू नका.

आबा_सातारकर
फुटेजबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट द्यावं लागतं, नाहीतर कोर्टात उभं राहत नाही.

कोर्टाची_पायरी
आबा, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आता कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे ताडून बघायचा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. पण सायकलच्या तक्रारीला आत्ताच त्याची घाई नाही, आधी चौकीत काय हवंय ते विचारा. मूळ फाईल मात्र कापूछाटू नका, व्हॉट्सॲपवरूनही पाठवू नका.

पार्किंग_बारा
दिसलं! तिन्ही पत्ते घातले. एक माणूस सायकल उचलून चालत बाहेर नेतोय, टाळं तसंच. फक्त डीव्हीआरचं घड्याळ वीसेक मिनिटं पुढे आहे. आणि उतरवलेली फाईल लॅपटॉपवर उघडत नाहीये.

घाटावरचा
घड्याळाला हात लावू नका. डीव्हीआरची वेळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या, तो चौकीत दाखवा. फाईलचं एक्स्टेंशन काय आहे?

पार्किंग_बारा
साधंच आहे.

तळेगावची_मैना
अहो साधं म्हणजे काय?? टिंबानंतरची अक्षरं लिहा.

पार्किंग_बारा
डॉट एच२६४.

घाटावरचा
डाउनलोडच्या पानावर 'प्लेअर' असं बटण असेल, तो प्लेअर उतरवून त्यात उघडा. चौकीत देताना पेनड्राइव्हमध्ये प्लेअरही टाका, नाहीतर तिथल्या संगणकावर परत हाच खेळ.

जुनी_सीडी
सायकल कोणती होती? गिअरची की साधी?