मिरवणुकीत ड्रोन उडवायचाय, परवानगी कुठं काढायची? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या कोल्हापुरातल्या गणेश मंडळाला यंदा विसर्जन मिरवणुकीचं ड्रोन शूटिंग पाहिजे, एका पोराकडं साधारण ६०० ग्रॅमचा ड्रोन हाय आणि मंडळ त्याला पैसे देणार हाय. आता २०२१ चे ड्रोन नियम वाचले तर २५० ग्रॅमच्या वर गेला की मायक्रो, म्हणजे रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, थर्ड पार्टी इन्शुरन्स पाहिजे, आणि पैसे घेऊन उडवत असला तर रिमोट पायलट सर्टिफिकेट पण. ते पोरगं म्हणतंय लग्नात कोण विचारत नाही. लग्न वेगळं ओ, इथं महाद्वार रोडला मुंगी शिरायला जागा नसती.

त्यात उजळाईवाडीचं विमानतळ. विमानतळाच्या अगदी जवळ रेड झोन, तिथं केंद्र सरकारची परवानगी लागते, त्याच्या बाहेर हद्दीपासून ८ किमीपर्यंत यलो झोन, तिथं एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलची) परवानगी लागते, ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत चालतं. मग मिरजकर तिकटी, पापाची तिकटी हे चौक झोनच्या नकाशावर नक्की कशात येतात, कुणी बघितलंय का? आणि पोलिसांचा अर्ज लोकल स्टेशनला द्यायचा का एसपी ऑफिसला, किती दिवस आधी?

मला खरी भीती गर्दीची वाटते. बॅटरी उतरली, नायतर वायरीत अडकून खाली आला तर फिरतं पातं थेट लेझीमवाल्या पोरींच्या डोक्यावर. प्रोपेलर गार्ड लावून भागतं का? माझं मत, डोक्यावरनं न्यायचाच नाही, बाजूच्या गच्चीवरनं तिरका शॉट घ्यायचा, पण कार्यकर्त्यांना वरनंच पाहिजे. कुणी रीतसर परवानगी काढून केलं असंल तर सांगा की राव.