पालक उंबऱ्यावरनंच मागं फिरतात, काय करू?

निपाणीची नवी टीचर
जूनपासून बालवाडीवर आहे. 22 पोरं, तीन ते पाच वर्षांची. बहुतेकांच्या आया घरी विड्या वळतात, काही तंबाखूच्या वखारीत जातात. सकाळी पोराला आत ढकलतात आणि पळतात. पालकसभा ठेवली तर तिघी आल्या, त्यातली एक आजी. वर तक्रार एकच: 'नुसती गाणी आन् माती. लिहायला कधी घेणार? शेजारचं पोरगं एबीसीडी काढतंय.' राग येतो, पण बोलता येत नाही. यांना जोडून कसं घ्यायचं?

वडगावची जुनी बाई
सभा किती वाजता होती ते लिहिलं नाहीस. दुपारी तीनला असणार. पोरी, विडीची मजुरी हजारावर मिळते. तुझ्या सभेत तासभर बसली की सुपातल्या तेवढ्या विड्या कमी. का येईल ती?

मी वडगावात मागवाल्यांच्या गल्लीत एकोणीस वर्षं बालवाडी चालवली. माग सुरू असले की दारात उभं राहून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही माणसंच तुटक. मग एका संध्याकाळी लाईट गेली. गल्ली एकदम गप्प, सगळ्या बायका कट्ट्यावर. कुणाचं पोर रात्री आजीकडं झोपतं, कुणाचा बाप सहा महिने गोव्यात, सगळं त्या तासाभरात कळलं. तेव्हापासून लाईट गेली की मी चप्पल घालायची.

तुझं तर आणखी सोपं आहे. विड्या वळताना हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं. जाऊन सुपाशेजारी बस. मदत म्हणून पानाला हात लावू नको मात्र. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाला तर पैसे तिचे जातात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पोरं येईनात म्हणून शाळाच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. आपण अजून नोटीस लावून वाट बघतोय.

आणि पहिल्या भेटीत गाऱ्हाणं नको. माझ्या हातून झालंय ते. एक पोरगा चावायचा. मी भर दारात त्याच्या आईला सांगितलं, तिनं तिथंच त्याला बडवलं. आठ दिवस पोर आलं नाही. त्यानंतर दारात फक्त चांगलं बोलायचं ठरवलं, ते पण नेमकं. 'हुशार आहे हं' याला काही अर्थ नाही. 'आज तिनं स्वतःचा डबा उघडला, शेजारणीचाही उघडून दिला' हे सांगितलं की आई थांबते.

लिहिण्यावरनं वाद घालू नको. तिला विचार, विडीचं तोंड मुडपायला तुझ्या बोटांना किती दिवस लागले? मातीचा गोळा वळणं, मणी ओवणं, चिरमुरे वेचणं, हे त्याच बोटांचं काम. पेन्सिल नंतर.

खानापूरचा बाप
बाईंचं पटलं. माझं एक ऐका. पोरीच्या वहीतनं चिठ्ठी कन्नडमध्ये यायची. मला बोलायला येतंय, खरं वाचताना जोडाक्षराला अडतो. बायको मराठी शाळेतली, ती चिठ्ठी डब्याखाली ठेवायची. एकदा सुट्टीच्या दिवशी पोरीला घेऊन कुलपापर्यंत जाऊन आलो. आता टीचर व्हॉट्सअपवर बोलून पाठवतात, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. अर्धा मिनिट. आमची आई तीन तीनदा लावून ऐकती. आणि बापालाबी बोलवा की कधी! मला बघितलं की सगळ्या 'आईला पाठवून द्या' म्हणतात.

चिकोडीची मदतनीस
गल्लीत जाणार असाल तर चहा एकाच घरी घेऊ नका. कुणाकडं प्यालात, कुणाकडं नाही, याचा हिशोब संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत होतोय. मी सगळीकडं अर्धा कप घेतो. ॲसिडिटी झाली, पण भांडण नाही.

निपाणीची नवी टीचर
बाई, सभा तीनलाच होती. काल शाळा सुटल्यावर एका घरी जाऊन बसले. आठ-नऊ जणी होत्या. तुमचा प्रश्न विचारला. सून बोलायच्या आधी सासूच म्हणाली, 'हिला? चार म्हैने! अजून छाट निघतोय.' सगळ्या हसल्या, सूनही. एबीसीडीचं कुणी काढलं नाही. निघताना मात्र सासूनं विचारलं, ते मातीचं काय करून घेतेस, बुधवारी इथं आणून दाखव. जाते. चहा तीन घरी झाला.