प्रेमप्रकरण आलं की पानं गाळतो. यावर काही उपाय?

भोसरी_बस:

मंडळी, मला प्रेमकथा सोसत नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, नुसता कंटाळा. 'तिच्या गालांवर लाली चढली' असं दिसलं की अंगठा आपोआप पुढच्या पानावर जातो. कंपनीची बस कात्रजहून भोसरीला जायला सव्वा तास घेते, माझं वाचन तेवढंच. त्यात परक्या बाईचं लाजणं कुठे वाचत बसू? क्वालिटीत आहे, दिवसभर हातात व्हर्निअर. जे मोजता येत नाही त्याचा वैताग तिथूनच आला असेल.

आजवर हे खपून गेलं. 'स्वामी'मध्ये राघोबादादा, निजाम, हैदर सगळं नीट वाचलं, रमाबाई आल्या की दोन-चार पानं गाळली. कोण तपासायला येतंय! पण गेल्या महिन्यात पकडला गेलो. पेंडश्यांची 'गारंबीचा बापू' घेतली होती, कोकण आणि सुपारीचा धंदा यासाठी. संपवून कपाटात ठेवत होतो, तर मेथी निवडता निवडता बायकोने विचारलं, "राधा कशी वाटली?"

मी म्हणालो, "कोण, ती हॉटेलातली?"

तिने जुडी खाली ठेवली. पुढची दहा मिनिटं माझी तोंडी परीक्षा झाली आणि त्यात मी नापास. गाव बापूवर का उठतं हेच मला धड सांगता येईना. मी ते भाऊबंदकीच्या खात्यात जमा करून पुढे गेलो होतो. म्हणजे मी ती कादंबरी वाचलीच नाही, असं तिचं म्हणणं. खरंच आहे ते.

तर गाळायचं नाही असं ठरवलं तर वाचायचं कसं? प्रेम नसलेल्या कादंबऱ्यांची यादी देऊ नका. ती आहे माझ्याकडे, आणि संपत आली आहे.

कर्जखाते_बंद:

अहो, माझंही तेच होतं. बँकेत कर्ज विभागात तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर मुलीने जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हातात दिलं. १८१३चं पुस्तक, पाच मुलींच्या लग्नांची गोष्ट. म्हटलं, झालं कल्याण.

पण पहिल्याच प्रकरणात आई नव्या भाडेकरूचं उत्पन्न सांगते, वर्षाला चार-पाच हजार पौंड. मी सरसावून बसलो. वडिलांचं उत्पन्न दोन हजार, पण इस्टेट पुरुष वारसालाच जाणार, म्हणजे ते गेले की पाच मुली आणि आई उघड्यावर. तो वारस, कॉलिन्स नावाचा, दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालायला येतो आणि मागणी घालतानाच ऐकवतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला एक हजार पौंड, चार टक्क्यांनी. लग्नाची मागणी घालताना व्याजदर सांगणारा माणूस! असे अर्जदार मी टेबलापलीकडे पाहिले आहेत. पुढेमागे वर्षाला चाळीस पौंडच हाती येणार असताना ती त्याला नाही म्हणते. तो आकडा डोक्यात असला की त्या नकाराला काय वजन येतं बघा. तिची मैत्रीण शार्लट, वय २७, लगेच त्याच माणसाला हो म्हणते. मला तीही चुकीची वाटली नाही. मी तिला कर्ज मंजूर केलं असतं.

तुम्ही मोजणारे आहात ना? मग प्रेमाच्या पानांत कुणाला काय परवडतंय तेवढं मोजा.

फडके_वाचून_झाले:

यांना चुकूनही ना. सी. फडके देऊ नका. बस उलट दिशेने पळवतील.

वाचनालयातली:

कर्जखातेकाका, युक्ती छान आहे, पण मला ती पळवाट वाटते. त्यातल्या नायकाचे, डार्सीचे, वर्षाला दहा हजार एलिझाबेथला पहिल्यापासून ठाऊक असतात, तरी ती त्यालाही एकदा नाही म्हणते. तिथे तुमची खतावणी काय करणार?

मी वाचनालयाच्या काउंटरवर बसते. आमच्याकडे प्रेमकथांचा वेगळा कप्पा नाही, सगळं 'सामाजिक'मध्ये कोंबलेलं. त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मिल्स अँड बून नेणारीला शेवटी दोघं एकत्र येणार याची हमी हवी असते, ती त्यासाठीच नेते आणि त्यात काही वावगं नाही. बापू-राधेत तशी हमी कुणी दिलेली नाही. तुम्ही दोन्हींना एकच समजून अंगठा चालवता.

आणि भोसरीदादा, 'स्वामी'चं कुणी तपासत नाही म्हणालात ना, मी तपासते. त्यात थेऊर येणार, १७७२ साल येणार, माधवराव सत्ताविसाव्या वर्षी जाणार, हे पुस्तक उघडायच्या आधीपासून आपल्याला माहीत असतं. शेवटी रमाबाई सती जातात. तुम्ही त्यांना जागोजागी गाळलंत, म्हणजे तिथे चितेवर चढली ती तुमच्या दृष्टीने कोण? एक अनोळखी बाई. हैदरची लढाई वाचून ते पान कसं कळणार?

युक्ती विचारलीत म्हणून सांगते. लाली चढली की ते वाक्य गाळा, हवं तर, पण संवाद गाळू नका. चांगल्या लेखकाची माणसं एकांतात जे बोलतात ते दरबारात बोलत नाहीत.

भोसरी_बस:

ताई, लागलं. थेऊर आमच्यापासून फार लांब नाही. नदीकाठची रमाबाईंची समाधी पाहिली आहे मी. शाळेच्या सहलीत डबा तिथेच जवळ उघडला होता, आणि तरी पुस्तकात त्यांची पानं उलटत गेलो.

काका, तुमचं पुस्तकही मागवलं. चार टक्क्यांसाठी.

काल बसमध्ये 'गारंबीचा बापू' पुन्हा पहिल्यापासून काढली. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. बायकोने विचारलं तर पंचाईत, कारण 'राधेचं सगळं नंतर नीट वाचून काढलं' असं तिला गेल्याच आठवड्यात सांगून बसलोय.